बायकोचे मामेभाऊच घर बांधणार आहेत. त्यांच्याकडे करार कसा मागू?

प्रश्न : कराडजवळ आईच्या नावावर बिगरशेती प्लॉट आहे. तिथे १५०० चौरस फुटांचं घर बांधायचंय. मी पुण्यात नोकरी करतो, कर्ज मीच काढणार आहे. बायकोचे मामेभाऊ बांधकामाची कामं घेतात. त्यांनी 'मटेरियलसकट २००० रुपये फूट' असा दर तोंडी सांगितलाय. अक्षय्य तृतीयेला भूमिपूजन करून लगेच पाया खोदू म्हणतात आणि त्यासाठी ३ लाख रोख मागतात. नकाशा मंजुरीला दिलाय, परवानगी अजून हातात नाही. रविवारी आमची बैठक आहे. पाहुण्यांत कागद मागणं बरं दिसत नाही, असं घरचे म्हणतात. काही बिनसलं तर महारेरा आहेच, असंही एकाने सांगितलं. बैठकीत काय बोलू?

उत्तर : महारेराचा आधार आधी मनातून काढून टाका. महारेरा ज्या २०१६ च्या रेरा कायद्याखाली चालतं, तो विकण्यासाठी बांधणाऱ्या प्रवर्तकाला, म्हणजे बिल्डरला लागू होतो. तुमच्याच जागेवर तुमच्यासाठी घर बांधणारा ठेकेदार त्यात येत नाही. फ्लॅट घेणाऱ्याला त्या कायद्याच्या कलम १४ खाली बांधकामातल्या दोषांसाठी पाच वर्षांचं संरक्षण मिळतं, ते तुम्हाला आपोआप मिळणार नाही. करारात लिहून घेतलंत तरच मिळेल.

तुमच्या कामी येतो तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. 'सेवा' या शब्दाच्या व्याख्येत घरबांधणी स्पष्टपणे घातलेली आहे. ३० लाखांचं काम जिल्हा ग्राहक आयोगाच्या ५० लाखांच्या मर्यादेत बसतं, फी १००० रुपये आहे आणि तुम्ही पुण्यात राहता, नोकरी करता म्हणून तक्रार पुण्यातही दाखल करता येते. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोनच वर्षांची आहे. आणि तिथे पहिला प्रश्न हाच येतो, की तुमच्यात ठरलं काय होतं? तोंडी ठरलेलं असलं की दोन्ही बाजू आपापल्या आठवणी सांगत बसतात. हे भांडण नात्यातलं असेल तर फार कडू होतं, म्हणूनच पाहुण्यांत कागद जास्त गरजेचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

रविवारी दर कमी करण्यावर वेळ घालवू नका. '२००० रुपये फूट' यातला फूट कुठला, हे आधी विचारा. घराच्या आतला, बाहेरच्या भिंतींसकट, की जिथे जिथे स्लॅब पडेल तो सगळा? पोर्च, छज्जे, जिन्यावरची टोपी हे धरून २०० फूट वाढले तर याच दराने ४ लाख वाढतात, आणि हे बहुतेकांना शेवटच्या बिलात कळतं. तेव्हा नकाशा समोर पसरा, मोजायचा भाग पेन्सिलीने रंगवा आणि त्यावर दोघांच्या सह्या घ्या. तो नकाशा कराराला जोडायचा.

मग दरात काय नाही ते विचारा. जोत्यातला भराव, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, कंपाउंड, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, खिडक्यांचं ग्रिल, बांधकामाचं पाणी आणि लाइट हे कुणाकडे? फरशी 'चांगली' नको, फुटाला किती रुपयांपर्यंतची ते लिहा. सिमेंट आणि सळईची कंपनी, सळईची ग्रेड, काँक्रीटची ताकद एम २० की एम २५, हे आरसीसी इंजिनिअरच्या ड्रॉइंगप्रमाणे राहील असं एक वाक्य हवं. स्लॅब भरण्याआधी इंजिनिअरने सळई तपासून सही करायची, हेही त्यातच. मध्येच काही वाढवलं तर त्याचा दर आधी लिहून मान्य झाल्याशिवाय ते 'एक्स्ट्रा' म्हणून लागणार नाही. जीएसटी दरात धरलाय की वेगळा, हेही आत्ताच विचारा. एकट्या घराच्या निव्वळ मजुरीच्या कामाला तो माफ आहे, पण ठेकेदार नोंदणीकृत असेल तर मटेरियलसकट कामावर १८ टक्के बसतो. ३० लाखांवर ते ५ लाख ४० हजार होतात.

३ लाख रोख देऊ नका. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे, आणि पावती नसलेली रोकड सिद्ध करताना तुम्हीच अडकाल. ॲडव्हान्स द्यायचाच तर थोडा, बँकेतून आणि करारावर सही झाल्यावर. पुढचे हप्ते जोतं, स्लॅब, वीटकाम, गिलावा, फरशी असे पूर्ण झालेल्या टप्प्यांना बांधा. शेवटचे ५ टक्के मागे ठेवा, एक पावसाळा गेल्यावर गळती नसेल तर द्या. उशीर झाला तर आठवड्याला किती रक्कम कापायची तेही लिहा. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे न्यायालय त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई देतं, म्हणून आकडा फुगवण्यात अर्थ नाही.

भूमिपूजन मुहूर्तावर खुशाल करा, नारळ फोडा. पण बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र हातात येईपर्यंत पायाची चर खोदू देऊ नका. विनापरवानगी बांधकामाची, एमआरटीपी म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची नोटीस जमीनमालकाला येते, म्हणजे तुमच्या आईंना. पाहुणे म्हणतील, 'सगळे असंच करतात.' तरी थांबा.

बोलायचं कसं, ही तुमची खरी अडचण दिसते. विषय संशयावरून सुरू करू नका. 'दादा, कर्ज माझ्या नावावर आहे. बँक काम बघून टप्प्याटप्प्याने पैसे सोडते, त्यामुळे मलाही तुम्हाला तसेच देता येतील. काय ठरलं ते लिहून ठेवू, म्हणजे तुमचे पैसेही अडकणार नाहीत.' हे खरंच आहे. वेळेवर पैसे मिळण्याची लेखी हमी त्यांनाही हवीच असते, तेव्हा तुमच्या हप्त्यांच्या तारखाही करारात घाला. त्याच संध्याकाळी ठरलेले मुद्दे त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवा आणि 'बरोबर आहे ना दादा?' एवढं विचारा. त्यांचं 'हो' पुढे पुरावा म्हणून चालतं. न्यायालयात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून तो चॅट पुसू नका.

करारावर मालक म्हणून आईंची आणि पैसे देणारे म्हणून तुमची, अशा दोन्ही सह्या हव्यात. कामावरच्या मजुरांचा विमा ठेकेदाराने काढायचा, हे कलम विसरू नका. मुद्रांक शुल्क कामाच्या रकमेवर ठरतं, त्यामुळे मिळेल त्या स्टॅम्पपेपरवर उरकू नका, सही करण्याआधी मुद्रांक कार्यालयात रक्कम विचारून घ्या. कमी मुद्रांकाचा करार फरक आणि दंड भरेपर्यंत पुराव्यात वाचला जात नाही.