1964 च्या फियाट 1100 ला डिस्क ब्रेक आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून क्लासिक रेसिंगमध्ये उतरता येईल का?

जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांना एफआयएचं, म्हणजे जागतिक मोटरस्पोर्ट महासंघाचं, 'अपेंडिक्स के' हे नियमपत्र लागू होतं आणि त्यानुसार उत्तर सरळ 'नाही' असं आहे.

"हा पार्ट त्या काळात बाजारात मिळायचा" एवढं पुरत नाही. तुमच्याच मॉडेलवर, त्याच कालखंडात, आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तो बदल वापरला गेला होता, असा पुरावा लागतो. आणि तो द्यायची जबाबदारी मालकाची. जुने होमोलोगेशनचे (स्पर्धेसाठी मॉडेलला मिळालेल्या अधिकृत मान्यतेचे) कागद, शर्यतीचे फोटो, कारखान्याचं मॅन्युअल, हे सगळं जपून ठेवा. त्यावरून गाडीचा तांत्रिक पासपोर्ट, म्हणजे एचटीपी, बनतो.

तुमचीच गाडी घ्या. इटलीत 1966 ला 1100 आर आली, तिला पुढे डिस्क होते. पण नियमांत गाड्यांचे वर्षांनुसार कालखंड पाडलेत आणि 1964 ची गाडी 1965 ला संपणाऱ्या कालखंडात मोडते, म्हणून दोनच वर्षांनी आलेले ते डिस्कही चालत नाहीत. ड्रमच ठेवा, फक्त लायनिंग चांगलं घाला.

इग्निशनही पॉइंटवालंच हवं, म्हणजे उघडझाप होणाऱ्या धातूच्या संपर्कांनी ठिणगी पाडणारं. आमच्या वडोदऱ्यात दांडिया बाजारातले एक मिस्त्रीकाका अजून डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून, पॉइंटला बारीक पॉलिशपेपर मारून, फिलर गेजची पातळ पट्टी सरकवून गॅप लावतात. ते बघून शिकून घ्या, खरंच.

सुरक्षेला मात्र जुनेपणाची अट नाही. रोल केज, हार्नेस, अग्निशामक हे आजच्या नियमांप्रमाणेच बसवायचं. तिथे एक रुपयाही वाचवू नका.