अ‍ॅडमिशन युनिव्हर्सिटीत मिळालीये, सीएसमध्ये नाही

गुहागरहून मेल आलाय. राहते न्यू जर्सीत, पण मे महिना म्हणून सासरी आलीये आणि चिरंजीवही कॉलेजचं वर्ष संपवून बरोबर आलेत. नाव देऊ नका म्हणते, नाही देत. मुख्य भाग तेवढा देते:

"काकू, मुलाची एका छोट्या कॉलेजात बायोलॉजीची दोन वर्षं झाली, आता म्हणतो मला कम्प्युटर सायन्सच करायचंय. आम्ही ट्रान्सफरचे अर्ज केले, दोन ठिकाणी मिळतंय. एक खूप मोठं नाव आहे, तिथे अनडिक्लेअर्ड म्हणून, म्हणजे मेजर (मुख्य विषय) न ठरवता घेतायत, सीएससाठी आत गेल्यावर अर्ज करता येतो म्हणे. दुसरी आपली साधी स्टेट युनिव्हर्सिटी, पण तिथे थेट सीएस. १ जूनपर्यंत कळवायचंय. आमचं दोघांचं मत मोठ्या नावाकडे आहे, एकदा आत शिरला की बघू पुढचं."

एकदा आत शिरला की बघू पुढचं! अगं, तू कोकणातली सून ना, गणपतीत दादरला कोकणच्या गाडीत शिरलीयेस कधी? शिरायला मिळालं म्हणजे बसायला मिळालं असं असतं का? रत्नागिरीपर्यंत संडासाच्या दाराशी उभी राहून येतात माणसं, आणि रिझर्व्हेशनवाला काही उठून जागा देत नाही.

तिकडे सीएसचं सध्या अगदी तेच झालंय. इतकी मुलं त्या विषयाकडे आली की मोठ्या युनिव्हर्सिट्यांनी आतली दारंसुद्धा लावून घेतलीत. कॅलिफोर्नियातल्या बर्कली युनिव्हर्सिटीत पूर्वी लेटर्स अँड सायन्स ह्या विभागाला जायचं, सीएसचे सुरुवातीचे कोर्स करायचे, त्यात ३.३ जीपीए, म्हणजे चारपैकी सरासरी ग्रेड, आणला की मेजर डिक्लेअर करता यायचं, कितीतरी आपली मुलं तशीच गेली. २०२३ पासून ती सोय गेली, आता पहिल्यापासून मेजर धरूनच अ‍ॅडमिशन, मागाहून येणाऱ्यांना मोजक्या जागा आणि त्याही सगळा अर्ज तपासून. सिअ‍ॅटलला युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये बहुतेक जागा शाळेतून थेट सीएसला घेतलेल्या मुलांनीच भरतात. पर्ड्यू युनिव्हर्सिटीत मेजर बदलण्याला कोडो म्हणतात आणि सीएसचा कोडो म्हणजे जागा उरल्या तर. हे सगळं त्यांच्या त्यांच्या वेबसाइटवर लिहिलेलं असतं, लपवत कोणी नाही, आपणच रँकिंगच्या पानाच्या पुढे जात नाही.

त्यात हा ट्रान्सफरवाला. पहिल्या वर्षाला आलेल्या मुलाकडे निदान दोन वर्षं असतात धडपड करायला, दोन वर्षांच्या कोर्सचे साधारण साठ क्रेडिट झाले की मेजर ठरवा म्हणून ऑफिस मागे लागतं, आणि हा तर साठ क्रेडिट घेऊनच तिथे उतरणार. म्हणजे आल्या आल्या ठरवायचं, आणि ज्याच्यासाठी आला तेच दार बंद असलं तर काय ठरवणार, परत बायोलॉजी?

माझ्या धाकट्या नणंदेचा मुलगा असाच गेला. नणंद चिपळूणची, ऐकणाऱ्यातली नाही, मी तेव्हाही घसा फोडून सांगत होते. पहिल्या सेमिस्टरला डेटा स्ट्रक्चर्सच्या वेटलिस्टवर राहिला कारण मेजरवाल्यांचं रजिस्ट्रेशन आधी, दुसऱ्या सेमिस्टरला कोर्स मिळाला, मग अर्ज, मग नकार. शेवटी इकॉनॉमिक्सची डिग्री घेऊन बाहेर पडला. नोकरी लागली, वाईट काही झालं नाही, पण अजून चार माणसांत नणंद त्या युनिव्हर्सिटीचं नाव घेते आणि तो खाली मान घालून पानातलं जेवत बसतो. माझी लेक कुणी नाव न ऐकलेल्या ठिकाणी सरळ सीएसला गेली, आज नणंदेच्या मुलाला कोडिंगच्या शंका तीच सांगते. आणि आमचे हे! मुंबईत प्रॉडक्शन इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन घेतली, पहिल्या वर्षानंतर ब्रँच बदलू म्हणून. रिटायर झाले प्रॉडक्शनमधूनच.

तर मोठ्या नावाला विचारायचं ते एवढंच, की गेल्या वर्षी अनडिक्लेअर्ड म्हणून आलेल्या किती ट्रान्सफर मुलांना सीएस मिळालं. मेलवर लेखी. आणि मेल त्याने लिहायचा, तू नाही. "आम्ही अर्ज केले" म्हणतेस त्यावरून कळलंच मला की फॉर्म कोणी भरलेत! फर्पा नावाचा कायदा १९७४ पासून आहे, मुलाने लेखी संमती दिल्याशिवाय कॉलेज सहसा तुझ्याशी त्याच्या रेकॉर्डबद्दल बोलणारही नाही. घरी रेंज नसेल तर जाऊ दे त्याला चालत स्टँडपर्यंत, पाय मोडत नाहीत. गोलगोल उत्तर आलं की समजायचं काय ते.

आता दुसरं, ते पण ह्यातलंच. तू लिहितेस "मॅथ्स फिजिक्स सगळं झालंय, बायोलॉजीत असतंच, क्रेडिट जातील." क्रेडिट जातील गं, पण कुठे जातील? त्याचा ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे झालेल्या कोर्सचा आणि ग्रेडचा कागद, काढ आणि नीट वाच. बायोलॉजीवाल्यांना बहुतेक कॅल्क्युलस फॉर लाइफ सायन्सेस असतं, सीएसला पुष्कळ ठिकाणी इंजिनिअरिंगवाल्यांचं कॅल्क्युलस लागतं, पुढे लिनिअर अल्जिब्रा आणि डिस्क्रीट मॅथ्स. फिजिक्सचं तसंच, कॅल्क्युलस न वापरता शिकवलेलं फिजिक्स वेगळं धरतात. ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे क्रेडिट घेतील आनंदाने, पण इलेक्टिव्ह म्हणून टाकतील कोपऱ्यात, डिग्री त्याने एक दिवस लवकर होणार नाही. आणि सीएसचे कोर्स एकापुढे एक लागतात, आधी प्रोग्रॅमिंग, मग डेटा स्ट्रक्चर्स, मग अल्गोरिदम्स आणि ऑपरेटिंग सिस्टिम्स, पैसे टाकून चारही एकाच सेमिस्टरला घेता येत नाहीत. त्याचं फक्त पायथनचं एक झालंय, म्हणजे राहिलेल्या दोन वर्षांत सगळं बसवणं कठीण, अडीच-तीन धरून चाला आणि फीचा हिशेब तसा करा. ह्या सुट्टीत डिस्क्रीट मॅथ्स एखाद्या कम्युनिटी कॉलेजातून (तिकडची दोन वर्षांची स्वस्त स्थानिक कॉलेजं) ऑनलाइन करता आलं तर बरंच, पण पैसे भरायच्या आधी नव्या युनिव्हर्सिटीकडून मंजुरी घ्यायची, नंतर नाही. प्रत्येक कोर्सचा सिलॅबस पीडीएफ करून ठेवायला सांग त्याला, जुन्या कॉलेजचं लॉगिन चालू आहे तोवर.

ज्यांची मुलं अजून शाळेत आहेत त्यांनीही ऐका. कॅलिफोर्नियावाल्यांनी असिस्टची साइट उघडून बसावं, कम्युनिटी कॉलेजचा कुठला कोर्स सरकारी युनिव्हर्सिटीच्या कुठल्या मेजरला चालतो ते तिथे दिसतं. न्यू जर्सीत काउंटी कॉलेजची (तिकडच्या कम्युनिटी कॉलेजची) दोन वर्षांची असोसिएट डिग्री सरकारी युनिव्हर्सिटीने पूर्ण धरावी असा २००७ पासून कायदाच आहे. पण तिथेही सीएसमध्ये जागा हा वेगळा प्रश्न, परत परत तेच सांगतेय, सांगत राहणार.

बाकीचं पटकन.

"सासूबाईंनी सगळ्या वाडीत डॉक्टर होणार म्हणून सांगून ठेवलंय." मग आता कम्प्युटरवाला होणार म्हणून सांगतील. त्यालाच ओटीवर त्यांच्याजवळ बसून सांगू दे, नातवाचं सगळं गोड लागतं, सुनेने सांगितलं की तुझ्यावर येईल.

"एआयमुळे सीएसला नोकऱ्याच राहणार नाहीत असं दीर म्हणतात." दीर काय करतात? तू लिहिलेलं नाहीस. मुलाला विषय आवडतोय, गणिताचा कंटाळा नाहीये, एवढं बघ.

"तो एच-४ वर आहे, मार्चमध्ये एकवीस पूर्ण होतील." हे तू मेलच्या शेवटून दुसऱ्या ओळीत लिहितेस! बाई गं. एकवीस झाले की एच-४, म्हणजे आईबापांच्या व्हिसावरचा मुलाचा व्हिसा, संपतो, त्याआधी एफ-१ चं, म्हणजे विद्यार्थी व्हिसाचं, व्हायला हवं, आणि त्याला लागणारा आय-२० हा कागद जिथे शिकणार तिथूनच निघतो, म्हणजे कुठे जायचं हे आधी ठरायला हवं. इन-स्टेट फी, म्हणजे त्या राज्यातल्यांची कमी फी, त्यानंतर चालू राहते का हे स्टेट युनिव्हर्सिटीला ह्याच आठवड्यात विचारायला सांग, आणि वकिलाशी इथूनच फोनवर बोलून घे, परत गेल्यावर बघू नको.

"येताना हापूसची एक पेटी आणता येईल का?" नाही. ताजे आंबे सामानातून नेता येत नाहीत, विमानतळावर काढून कचऱ्यात टाकतात. २००७ पासून अमेरिकेत आपले आंबे जातात ते रेडिएशन करून, कागदपत्रांसकट, व्यापाऱ्यांमार्फत. आंबापोळी ने, सीलबंद आमरसाचे डबे ने, आणि उतरल्यावर डिक्लेअर कर.