टोकन देण्याआधी

चि. — यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात फ्लॅटचं क्षेत्रफळ आहे, किंमत आहे, हप्ता आहे, स्टेशनपासून रिक्षाची दहा मिनिटंही आहेत. लालबागची खोली सोडून बदलापूर पूर्वेला जाताना मोठी दुसरीत असेल आणि धाकटा दीड वर्षाचा, हे मात्र अगदी शेवटच्या ओळीत आलंय. मी तिथूनच सुरुवात करतो, कारण हे घर परवडतं की नाही ते हप्त्यावरून कळणार नाही. ऑफिसातून उठल्यापासून मूल हाताशी येईपर्यंत किती वेळ जातो, त्यावरून कळेल.

तो हिशोब कागदावर मांड. सीएसएमटीपासून बदलापूर ६८ किलोमीटर. परळच्या ऑफिसातून दादरच्या फलाटावर यायला २५ मिनिटं धर. एक गाडी सोडावी लागणारच, त्याची १५. गाडीतला प्रवास सव्वा तासाच्या आसपास. उतरून पूल, शेअर रिक्षाची रांग आणि पाळणाघरापर्यंतची २०-२५. साडेसहाला निघालास तर पावणेनऊ वाजतात, आणि बहुतेक पाळणाघरं आठला दार लावतात. हा चांगल्या दिवसाचा हिशोब झाला. कल्याणच्या पुढे कर्जतकडे जायला आज दोनच मार्गिका आहेत, आणि लोकलबरोबर पुण्याकडच्या मेल-एक्सप्रेस आणि मालगाड्याही त्यांवरूनच जातात. एक इंजिन बिघडलं की मागचं सगळं खोळंबतं. तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं काम चालू आहे आणि जाहिरातीत बदलापूरला येणार असलेली मेट्रो १४ सुद्धा असते. ज्या दिवशी त्यांवरून गाडी धावेल, त्या दिवशी त्यांना हिशोबात घे.

म्हणून पाळणाघर स्टेशनजवळ बघू नकोस, घराजवळ बघ. शक्यतो त्याच इमारतीत, नाहीतर त्याच गल्लीत. स्टेशनजवळचं सोयीचं वाटतं, पण गाड्या अडकल्या की तिथे पोचू शकणारं कुणीच नसतं. गल्लीतलं असेल तर शेजारच्या काकू मुलाला घरी नेऊ शकतात. तुम्हा दोघांशिवाय आणखी दोन माणसांची नावं, फोटो आणि फोन नंबर पाळणाघरात लिहून दे, आणि यांच्याखेरीज कुणाच्याही हाती मूल देऊ नका असं लेखी सांग. दोन वर्षांखालच्या चार मुलांमागे एक बाई हवी, याहून कमी माणसं असतील तर दुसरं पाळणाघर बघ. स्वयंपाकाचा गॅस मुलांच्या खोलीपासून कुठे आहे, बाथरूममध्ये भरलेल्या बादल्या उघड्या राहतात का, दुपारी मुलं झोपल्यावर बाई कुठे असतात, मुलांचे कपडे कोण बदलतं, हे तिथे उभं राहून पाहायचं. सांगून गेलास तर सगळं झकपक दिसेल, न सांगता दुपारी दोनला जा.

पावसाचा बंदोबस्त जूनच्या आधीच झालेला हवा. एक पिशवी कायम पाळणाघरात ठेव: दोन जोड कपडे, रात्रीचं पांघरूण, दुधाची पावडर, तापाचं औषध आणि वजनाप्रमाणे डॉक्टरांनी लिहून दिलेला डोस. गाड्या बंद पडल्या तर मुलं रात्री कुणाकडे राहतील, हे त्या माणसाशी आधी बोलून ठेव, आणि एखाद्या कोरड्या शनिवारी मुलांना तिथे एक रात्र झोपवूनही बघ. रेड अलर्टच्या दिवशी दोघांपैकी एकाने घरून काम करायचं, कुणी ते आधीच ठरवा. सकाळी सहा वाजता ठरवायला बसलात की भांडण होतं आणि दोघेही निघतात.

आता घर. माझं मत स्पष्ट आहे, पहिला पावसाळा भाड्याने काढ. टोकनची आगाऊ रक्कम दिली नाहीस तर एखादा फ्लॅट हातचा जाईल, पण बदलापुरात फ्लॅटचा दुष्काळ पडलेला नाही. करार २२ महिन्यांचा कर आणि लॉक-इन (करार मोडता न येण्याची मुदत) ११ महिन्यांचं, तेही दोन्ही बाजूंना. फक्त तुझ्यावर लॉक-इन असेल तर मालक नोव्हेंबरमध्ये घर रिकामं करायला सांगेल आणि मुलीचं वर्ष मधेच तुटेल. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे हा भाड्याचा करार, नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे. स्टॅम्पपेपरवर नोटरी करून भागवू म्हणणाऱ्या मालकाला नमस्कार कर. पुढे धाकट्यासाठी आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागांमध्ये अर्ज करायची वेळ आली तर पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत करारच मागतात.

उल्हास नदी शहराला लागूनच वाहते. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पुरात अडकली, आत हजारावर प्रवासी होते. नदीकडच्या कुठल्याही इमारतीसाठी पूररेषेचा नकाशा बघ. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदाच्या. दलाल म्हणेल, इथे पाणी येत नाही. तू जिन्याच्या भिंतीवरची जुनी ओल बघ आणि तळमजल्यावरच्या वाण्याला २०१९ ला माल किती फळ्या वर चढवला होता ते विचार. पूर्वेला नदीची भीती कमी, पण नाले आहेत आणि सखल रस्तेही आहेत.

घर बघायला तीनदा जा. ऐन उन्हाळ्यात दुपारी तीनला एकदा: बदलापूर तापतं, पारा चाळिशी ओलांडतो, आणि वरच्या मजल्यावरची पश्चिमेकडची खोली रात्री अकरालाही भट्टीसारखी असते. त्यात दीड वर्षाचं मूल झोपत नाही आणि मग कुणीच झोपत नाही. दुसऱ्यांदा रात्री दहानंतर, कारण औद्योगिक वसाहतींच्या बाजूला वास येत असेल तर तो बहुतेक तेव्हाच कळतो. तिसऱ्यांदा कामाच्या दिवशी सकाळी सातला, म्हणजे पाणी किती वेळ येतं आणि शाळेच्या व्हॅन कुठे थांबतात ते दिसेल. इथलं पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचं. टँकर किती येतात ते सोसायटीच्या चेअरमनला विचारू नकोस, वॉचमनला विचार. पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काही शेकड्यांत मिळतो, तो खिशात ने. नळाच्या पाण्याचा आकडा बहुधा कमीच येईल, तिथे आरओ लावून पाणी वाया घालवायची गरज नाही, यूव्ही पुरतो. टँकर किंवा बोअरचा आकडा ५०० च्या वर गेला तर आरओचा खर्च धर.

कागदांचं थोडक्यात सांगतो. गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या महारेराचा क्रमांक दिसला म्हणून निर्धास्त होऊ नकोस. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत ६५ बेकायदा इमारतींच्या प्रकरणात बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेराची नोंदणीही मिळवलेली निघाली, आणि भरडले गेले ते त्यात राहणारे. बिल्डरने दिलेलं सीसी (बांधकाम सुरू करायची परवानगी) घेऊन कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या नगररचना विभागात जा आणि हे तुमच्याच दप्तरातलं आहे का ते तपासून घे. ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नसलेल्या इमारतीत लहान मुलं घेऊन राहायला जाऊ नये. नळजोडणी लोंबकळते, लिफ्टचा भरवसा नसतो आणि अर्धवट बांधलेली विंग ही मुलांना खेळायची जागा वाटते.

शाळा घराच्या आधी पक्की कर. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, सीबीएसईच्या एप्रिलमध्येच सुरू झालेल्या असतात, त्यामुळे मंडळ बदलणार असशील तर जूनचा विचार उशिराचा ठरतो. दुसरीतल्या मुलीचं माध्यम, मंडळ आणि घर एकाच वर्षी बदलू नये असं मला वाटतं. ती मराठी माध्यमात सेमी-इंग्रजीत शिकत असेल तर तसंच चालू दे.

शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की तिथेच उभं राहून वाच. आईचं नाव, आडनावाची वेलांटी, जन्मतारीख, जन्मस्थळ, सगळं जन्मदाखल्याशी ताडून घे. चूक मागाहून सुधारायची म्हणजे पुन्हा त्याच शाळेत खेपा घालायच्या, आणि दहावीच्या फॉर्मपर्यंत ती चूक पाठ सोडत नाही. शिक्षण खात्याच्या सरल पोर्टलवर नव्या शाळेने विनंती पाठवायची असते आणि जुनीने ती मंजूर करायची. हे दोन्हीकडच्या क्लार्कना फोन करून घडवून आणावं लागतं, आपोआप होत नाही. दाखला अडला तर घाबरू नकोस. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत लहान मुलींच्या बाबतीत काय घडलं ते तुला ठाऊक आहे. त्यामुळे शाळेत फीच्या आधी हे विचार: लहान मुलींच्या स्वच्छतागृहाकडे कोण नेतं, ती बाई आहे का, तिच्या रजेच्या दिवशी कोण, कॅमेरे चालू आहेत का आणि रेकॉर्डिंग किती दिवस राहतं, मुलांच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समितीत पालक कोण आहेत. उत्तर देताना मुख्याध्यापक वैतागले तर तेही उत्तरच समज. व्हॅनमध्ये बाई मदतनीस हवीच. पहिल्या आठवड्यात एकदा व्हॅनच्या मागून स्कूटरवर जाऊन ती किती मुलं कोंबते ते बघून ये.

सामान मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात हलव. शाळा उघडायला महिना राहतो, रंगाचा वास जातो आणि पाऊस नसतो. चाळीतली खोली आणि पोटमाळा म्हणजे २५ ते ३० खोकी. कपाट आणि पलंग धरून छोट्या हत्तीच्या दोन खेपा होतील, त्यापेक्षा एक ४०७ टेम्पो कर. एक खोकं शेवटी चढवायचं आणि आधी उतरवायचं: कुकर, दूध, गूळ-पोहे, डायपर, औषधं, बॅटरी, स्क्रूड्रायव्हर, दोघांची पांघरुणं. धाकट्याची गोधडी आठवडाभर धुऊ नकोस, त्या वासावर तो नव्या जागी झोपेल. मोठीची फुटकी खेळणी या निमित्ताने टाकून द्यायचा मोह होईल, तो आवर. त्या महिन्यात दूध तोडणं, शी-शूचं शिक्षण, वेगळ्या पलंगावर झोपवणं, असलं काहीही सुरू करायचं नाही. मोठीने पुन्हा अंथरूण ओलं केलं तर चादर बदल आणि विषय बंद कर, काही आठवड्यांत थांबेल. लांबलं तर डॉक्टरांना दाखव.

चाळीतून फ्लॅटमध्ये येणाऱ्या घरांत ठरावीक अपघात होतात, ते आधी टाळता येतात. चाळीत दार दिवसभर उघडं असतं. फ्लॅटच्या दाराला नाइट लॅच असतो. तू कचरा ठेवायला बाहेर येतोस, वाऱ्याने दार आपटतं, आत धाकटा आणि गॅसवर दूध. पहिल्याच दिवशी दाराला खाली स्टॉपर लाव आणि एक किल्ली शेजारी दे. संडास-बाथरूम घरातच असण्याची मुलांना सवय नाही. आतली कडी लावून घेतात आणि मग काढता येत नाही. खालच्या कड्या काढून पाच फुटांवर बसव. खिडक्यांना जाळ्या मुलं येण्याआधी लागलेल्या हव्यात, दोन गजांत चार इंचांपेक्षा कमी अंतर, आणि एका जाळीला आग लागल्यास बाहेर पडता येईल असं उघडणारं दार. त्याची किल्ली मोठ्यांना सापडेल पण मुलांना मिळणार नाही अशा जागी. गॅलरीत कुंड्या, स्टूल, पाण्याचं पिंप कठड्याला टेकून ठेवायचं नाही, ती मुलांची पायरी होते.

धाकट्याच्या लसींकडे आत्ताच लक्ष दे. १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, त्रिगुणीचा आणि पोलिओचा बूस्टर असतो, आणि तो बरोबर तुमच्या हलवाहलवीत येतोय. जमलं तर लालबागेतच उरकून घे. माता-बाल संरक्षण कार्ड सामानात बांधू नकोस, पाकिटात ठेव. नव्या ठिकाणी रात्री उठणारे बालरोगतज्ज्ञ कोण आणि लहान मुलांचा अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय कुठलं, हे पहिल्या आठवड्यात शोध. मोकळ्या माळावर नवीन वस्ती झाली की पावसात साप निघतात. चावलं तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, पाय हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन. सर्पविषावरचं इंजेक्शन जवळ कुठल्या सरकारी रुग्णालयात असतं ते आधी फोन करून विचारून फ्रिजवर लिहून ठेव.

आजी-आजोबा लालबागेतच राहणार असं तू लिहिलंयस. मग मोठीला दर पंधरा दिवसांनी तिकडे न्यायचा वार ठरव, पण रविवारचा मेगाब्लॉक बघून. पाच वर्षांखाली तिकीट नाही, पाच ते बाराला अर्धं.

कळावे.

ता. क. खोली सोडताना बेस्टच्या मीटरचा आणि नव्या घरी महावितरणच्या मीटरचा रीडिंगसकट फोटो काढ, त्यात तारीख दिसू दे. मागच्या भाडेकरूची थकबाकी तुझ्या माथी यायला नको. सिलिंडरचं कनेक्शन एजन्सीकडून रीतसर बदलून घे, रेग्युलेटर कुणाला देऊन टाकू नकोस, त्यावर अनामत आहे. आणि महावितरणचा बारा आकडी ग्राहक क्रमांक फ्रिजवरच्या त्याच कागदावर लिही, रात्री दोनला लाइट गेली की तोच विचारतात.