एवढे स्कॅन असताना चिरफाड कशाला?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. गेल्या महिन्यात माझे काका हॉस्पिटलमध्येच वारले. आठ दिवस ॲडमिट होते, सीटी झाला, रक्ताच्या तपासण्या रोज चालू होत्या. सर्टिफिकेटवर न्यूमोनिया लिहून दिलं. तरी तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, पोस्टमॉर्टमला परवानगी देता का, पोलीस केस नाही, फक्त कारण नक्की कळावं म्हणून. काकू नको म्हणाल्या, आम्हीही जोर केला नाही. आता राहून राहून वाटतं, एवढ्या मशीन असताना अजून काय कळणार होतं? आणि कळलं असतं तरी काका थोडेच परत येणार होते?
— एक वाचक

उत्तर : आधी एक गोष्ट, काकू नको म्हणाल्या त्यात त्यांचं काहीही चुकलं नाही, तो विषय मनातून काढून टाका. आम्ही डॉक्टर लोक विचारतोही फार वाईट पद्धतीने, कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या, हातात फॉर्म धरून, आणि मग घरचे नाही म्हणाले की आपणच सुटलो असं वाटतं.

आता मशीनचं. स्कॅन करताना डॉक्टरला ज्याची शंका असते तेच तो शोधतो, आणि शंकाच आली नाही तर समोर असलेलंही निसटतं. जिवंतपणीचं निदान आणि पोस्टमॉर्टममध्ये निघालेलं कारण ताडून बघणाऱ्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा 2003 मध्ये प्रसिद्ध झाला होता, त्यात साधारण चार पोस्टमॉर्टममागे एकात मोठं निदान जिवंतपणी हुकलेलं निघालं. आता यात एक मेख आहे, जिथे डॉक्टर गोंधळलेला असतो तिथेच पोस्टमॉर्टम जास्त होतात त्यामुळे आकडा थोडा फुगतो, पण ते धरूनही लहान नाही.

2020 आठवा. कोविड नवा होता, सगळा भर फुफ्फुसांवर, ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटर. जर्मनीत रॉबर्ट कॉख इन्स्टिट्यूटने, म्हणजे साथीच्या रोगांवर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, सुरुवातीला सांगितलं होतं की संसर्गाचा धोका आहे, पोस्टमॉर्टम शक्यतो टाळा. हॅम्बुर्गमध्ये क्लाउस प्युशेल या फॉरेन्सिकच्या प्राध्यापकांच्या टीमने तरी ती केली, आणि पहिल्या 12 जणांपैकी 7 जणांच्या खोल शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या निघाल्या, 4 जण तर गुठळी फुफ्फुसाच्या धमनीत जाऊन अडकल्यानेच गेले होते. जिवंत असताना या सात जणांबद्दल तशी शंकाही कुणाला आली नव्हती!

इथे तुम्ही म्हणाल, मेल्यावर रक्त गोठतंच की. गोठतं, पण ते वेगळं दिसतं. मेल्यानंतर गोठलेलं रक्त जेलीसारखं लिबलिबीत, चकचकीत, चिमट्यात धरलं की सटकतं. जिवंतपणी झालेली गुठळी कोरडी, ठिसूळ, आणि नीट पाहिलं तर तिच्यात फिकट-गडद असे थर दिसतात. म्हणून आम्ही फुफ्फुसाची धमनी अवयव जागेवर असतानाच उघडून बघतो, आधी बाहेर काढलं तर गुठळी घसरून जायची भीती. हॅम्बुर्गचे निष्कर्ष मे 2020 मध्ये छापून आले, आयसीयूमधूनही गुठळ्यांच्या बातम्या येतच होत्या, आणि कोविडच्या पेशंटला रक्त पातळ करायचं औषध कुणाला, किती द्यायचं यावर जगभर चाचण्या सुरू झाल्या. ते 12 जण परत आले नाहीत हे खरंच. पण त्यांच्यामुळे शंका कुठे घ्यायची हे तरी कळलं.

माझी स्वतःची एक केस सांगतो. शिकत होतो तेव्हाची. मध्यमवयीन गृहस्थ, महिनाभर ताप, शेवटी कागदावर "सेप्सिस", म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होत जाणं. छाती उघडली तर दोन्ही फुफ्फुसांवर बाजरीच्या दाण्याएवढे पांढरट ठिपके विखुरलेले, यकृतावर आणि प्लीहेवरही तेच. मिलिअरी टीबी, म्हणजे रक्तातून सगळ्या शरीरात पसरलेला टीबी. जिवंतपणी निदान झालंच नव्हतं. रिपोर्ट आल्यावर घरातल्या सगळ्यांची तपासणी करायला सांगितलं आणि त्यांच्या मुलीला टीबी निघाला, वेळेत औषधं सुरू झाली. कागदावर सेप्सिस तसंच राहिलं असतं तर सरकारच्या टीबीच्या आकड्यात एक मृत्यू कमी, आणि घरात एक पेशंट वाढत गेलेला.

मृत्यूच्या आकड्यांचं असंच असतं, खाली जे लिहिलं त्याचीच वर बेरीज होते. आणि काही गोष्टी तर दुसऱ्या कुठल्याच मार्गाने समजल्या नसत्या. कोरियन युद्धात मारल्या गेलेल्या 300 अमेरिकन सैनिकांची हृदयं तपासली गेली, सरासरी वय 22, एकालाही जिवंतपणी हृदयाचा त्रास माहीत नव्हता, आणि 1953 मध्ये छापून आलं की त्यातल्या 77 टक्क्यांच्या हृदयाच्या धमन्यांमध्ये रोगाच्या खुणा होत्या. हृदयविकार म्हातारपणाचा म्हणून सगळे निवांत होते, त्यांची झोपच उडाली.

प्रश्न : पोस्टमॉर्टम केलं की शरीर ओळखू येत नाही असं ऐकलंय. आणि अवयव काढून ठेवतात का? भीती फक्त याचीच वाटते.
— आणखी एक वाचक

उत्तर : चेहऱ्याला हात लावत नाहीत. छेद गळ्याखालून पोटापर्यंत, मेंदू बघायचा असेल तर डोक्याचा छेद कानामागून वरच्या बाजूने, केसांत लपतो. शेवटी सगळं शिवतात, कपडे घातले की दिसत नाही. अवयव परत आत ठेवतात, आमच्याकडे राहतात ते छोटे तुकडे, मेणाच्या ठोकळ्यात बसवून मायक्रोस्कोपखाली बघायला त्यांच्या स्लाइड करतात. पूर्ण अवयव ठेवायचा असेल तर वेगळी परवानगी मागायला हवी, मागितली नाही तर तुम्ही विचारा.

आणि अख्खंच करा किंवा काहीच नको असंही नसतं. "फक्त छाती, डोकं नको" असं लिहून देता येतं. आता सुईने नमुने घ्यायची पद्धतही आहे, फुफ्फुस, यकृत, मेंदू अशा ठिकाणांचे बारीक तुकडे सुईने काढतात, टाके घालावे लागत नाहीत. चॅम्प्स नावाच्या प्रकल्पात आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या काही देशांत पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूंमध्ये हेच वापरतात, आणि त्यातून क्लेबसिएला नावाचा जिवाणू आधी वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त मुलांच्या मृत्यूत हात असलेला निघाला. हॉस्पिटलमध्येही पसरतो आणि कित्येक अँटिबायोटिक्सना दाद देत नाही, म्हणजे नुसती औषधं बदलून भागत नाही, वॉर्डात तो कसा पसरतोय हेही बघावं लागतं.

सुईने सगळं कळत नाही, धमनीतली गुठळी निसटू शकते, पण काहीच न कळण्यापेक्षा बरं. आणि हो, परवानगी दिलीत तर रिपोर्टची कॉपी मागून घ्या, स्लाइड व्हायच्या असतात म्हणून काही आठवडे लागतात, आणि आला की डॉक्टरला समोर बसवून मराठीत समजावून मागा.