वाचकांचे प्रश्न : उभ्याने सामना पाहणाऱ्यांना मैदानावर जागा असावी का?

प्रश्न : इंग्लंडमधील फुटबॉलचे सामने दूरचित्रवाणीवर पाहताना अलीकडे एक गोष्ट लक्षात येते. गोलमागच्या गॅलरीतील प्रेक्षक पूर्ण वेळ उभे असतात आणि त्यांना कोणी खाली बसायला सांगत नाही. १९८९ साली हिल्सबरो येथे झालेल्या चेंगराचेंगरीनंतर तिथे उभ्याने सामना पाहण्यावर बंदी आली, असे वाचल्याचे आठवते. इतकी माणसे गेल्यावर जी पद्धत बंद केली, ती पुन्हा सुरू करणे योग्य आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : माझ्या मते योग्य आहे, मात्र जुनी पद्धत जशीच्या तशी परत आलेली नाही, आणि ती तशी येऊही नये. हे मत मी का धरतो ते समजण्यासाठी हिल्सबरोला त्या दिवशी नेमके काय घडले, इथूनच सुरुवात करावी लागेल.

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्ड शहरातील हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यात एफए चषकाचा उपांत्य सामना होता. लिव्हरपूलच्या पाठीराख्यांना लेपिंग्ज लेनच्या बाजूची गॅलरी दिली होती. तिथे उभ्याने सामना पाहणाऱ्या १०,१०० तिकीटधारकांना आत घेण्यासाठी फिरती फाटके होती अवघी ७. सामन्याची वेळ जवळ आली तशी बाहेरची गर्दी भिंतीला चेंगरू लागली, आणि तो ताण कमी करण्यासाठी पोलिसांनी २ वाजून ५२ मिनिटांनी बाहेर पडण्याचे एक मोठे दार उघडले. त्या दारासमोरच एक उतरता बोगदा होता आणि तो थेट मधल्या दोन कोंडवाड्यांत जात होता. कोंडवाडा हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे, कारण त्या गॅलरीचे उभ्या जाळ्यांनी कप्पे पाडलेले होते आणि पुढे मैदानाच्या कडेलाही उंच जाळी होती. मधले कप्पे भरून गेले होते, तरी बोगद्याचे तोंड कोणी बंद केले नाही. जिथे दोन हजारांच्या आसपास माणसे सुरक्षित उभी राहू शकली असती, तिथे तीन हजारांच्या आसपास माणसे गेली. त्याच वेळी बाजूच्या कप्प्यांत मोकळी जागा होती. ३ वाजून ६ मिनिटांनी सामना थांबवण्यात आला. या दुर्घटनेने एकूण ९७ जीव घेतले. त्यांतील शेवटचा मृत्यू २०२१ मध्ये, म्हणजे ३२ वर्षांनी झाला.

ते कप्पे कधी आले, हेही पाहण्यासारखे आहे. १९८१ साली याच मैदानावर, याच गॅलरीत, अशाच उपांत्य सामन्यात चेंगराचेंगरी होऊन ३८ जण जखमी झाले होते, आणि त्यानंतर गर्दी आडवी सरकू नये म्हणून या उभ्या जाळ्या बसवल्या गेल्या. म्हणजे पहिल्या अपघातावर जो उपाय केला, त्यानेच दुसऱ्या वेळी माणसांची बाजूला निसटण्याची वाट बंद केली. शिवाय मैदानाचे सुरक्षा प्रमाणपत्र १९७९ सालचे होते आणि मधल्या काळात एवढे बदल होऊनही ते सुधारले गेले नव्हते. २०१६ मध्ये मृत्यूंच्या दुसऱ्या चौकशीत ज्युरीने स्पष्ट निर्णय दिला, की ही माणसे बेकायदा मारली गेली आणि प्रेक्षकांच्या वागण्याचा त्यात कोणताही वाटा नव्हता. दारू पिऊन आलेल्या, बिनतिकीट घुसलेल्या पाठीराख्यांनीच आपल्या माणसांचा जीव घेतला, हा खोटा आरोप त्या कुटुंबांनी सत्तावीस वर्षे सोसला होता. म्हणूनच ‘उभे राहिल्यामुळे माणसे मेली’ असे कोणी सहज बोलून गेले, की मला ते खटकते. फाटके अपुरी होती, दार उघडताना पुढचा विचार झाला नव्हता, बोगदा मोकळा सोडला होता आणि सुटकेची वाट जाळीने अडवली होती. हा सगळा दोष उभे राहण्याच्या सवयीवर ढकलला, की ज्यांची जबाबदारी होती ते आपोआप बाजूला होतात.

या दुर्घटनेच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती टेलर यांनी जानेवारी १९९० मध्ये जो अंतिम अहवाल दिला, त्यातही उभ्याने सामना पाहणे मुळातच धोकादायक असते असे म्हटलेले नाही. तरीही प्रत्येकाला स्वतःची खुर्ची देण्याने सुरक्षितता जितकी वाढेल तितकी दुसऱ्या कोणत्याही एका उपायाने वाढणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता, आणि त्या काळातील मैदानांची अवस्था पाहता तो चुकीचा म्हणता येणार नाही. १९४६ मध्ये बोल्टनला ३३, १९७१ मध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाच्या जिन्यावर ६६ जण चेंगरून गेले होते. (१९८५ च्या ब्रॅडफर्डच्या आगीत ५६ जण गेले, पण ती लाकडी गॅलरी खुर्च्यांची होती, हे विसरले जाते.) अहवालानंतर इंग्लंड आणि वेल्समधील वरच्या दोन श्रेणींच्या मैदानांवर ऑगस्ट १९९४ पर्यंत सर्वत्र खुर्च्या आल्या.

खुर्च्या आल्या, पण माणसे बसली नाहीत. गोलमागे आणि पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांमध्ये हजारो लोक तिकिटावर खुर्चीचा क्रमांक असूनही नव्वद मिनिटे उभेच राहत. मैदानाचे कर्मचारी विनंत्या करून थकले आणि पुढे पुढे सगळ्यांनीच तिकडे काणाडोळा केला. आता या उभ्या राहणाऱ्याची अवस्था जवळून पाहा. पायाखाली अरुंद पायरी, पोटऱ्यांना टेकलेली मागची मिटलेली खुर्ची, आणि समोरच्या रांगेतील खुर्चीची पाठ जेमतेम गुडघ्याच्या वर. गोल झाला, मागच्याने आनंदाने उडी मारली आणि धक्का बसला, तर अडवायला काहीही नसते. माणूस गुडघ्यातून दुमडून पुढच्या रांगेवर कोसळतो, ती रांग तिच्या पुढच्या रांगेवर. नडग्या सोलवटणे ही तर नित्याची बाब होती. कागदावर सुरक्षित आणि प्रत्यक्षात असुरक्षित अशी ही व्यवस्था पाव शतकाहून अधिक काळ चालली.

आता जे आले आहे ते दांडीच्या खुर्च्यांचे स्वरूप आहे. प्रत्येक रांगेत कमरेइतक्या उंचीची लोखंडी आडवी दांडी असते आणि त्या चौकटीतच मिटणारी खुर्ची बसवलेली असते. धक्का बसला तरी माणूस दांडीला धरून जागेवरच राहतो आणि मागून आलेला दाब पुढच्या रांगेत उतरत नाही. मैदानाच्या बाजूला कोंडणारी जाळी नसते. मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी अट म्हणजे एक खुर्ची, एक तिकीट, एक माणूस. त्यामुळे हिल्सबरोप्रमाणे एका भागात दीडपट माणसे शिरण्याचा मार्ग तिकीट छापतानाच बंद होतो. खुर्ची कुलूपबंद ठेवता येत नाही, बसू इच्छिणाऱ्याला बसता आले पाहिजे, संपूर्ण भाग कॅमेऱ्यांच्या नजरेत असला पाहिजे आणि इतर प्रेक्षकांची, विशेषतः अपंग प्रेक्षकांची, दृष्टी अडता कामा नये, याही अटी आहेत. स्कॉटलंडमध्ये खुर्च्यांच्या सक्तीचा कायदा लागू नसल्याने ग्लासगोच्या सेल्टिक क्लबने २०१६ मध्येच अडीच हजारांहून अधिक अशा जागा केल्या. इंग्लंडमध्ये खालच्या श्रेणीतील श्रूझबरी टाउनने २०१८ मध्ये पाठीराख्यांच्या वर्गणीतून सुरुवात केली. पुढे जानेवारी २०२२ पासून चेल्सी, मँचेस्टरचे दोन्ही क्लब, टॉटनहॅम आणि कार्डिफ यांना सरकारने प्रायोगिक परवाना दिला, आणि परवान्याखालचा पहिला सामना २ जानेवारीला चेल्सी विरुद्ध लिव्हरपूल असा झाला. त्या प्रयोगाच्या पाहणीत गोलनंतर पुढच्या-मागच्या रांगांत कोसळण्याचे प्रकार कमी झाल्याचे आणि कुठे गर्दी दाटते आहे ते कर्मचाऱ्यांना लवकर दिसू लागल्याचे आढळले. पुढच्या हंगामापासून अटी पूर्ण करणाऱ्या इतर क्लबांनाही वाट मोकळी झाली.

लिव्हरपूलच्या पाठीराख्यांच्या संघटनेनेही २०१७ मध्ये सभासदांचे मत घेतले आणि मोठ्या बहुमताने अशा जागांच्या बाजूने कौल मिळाला. तरीही आप्त गमावलेल्या काही कुटुंबांना हे मान्य नव्हते. माझे मत त्यांच्यापेक्षा वेगळे आहे. पण ज्या आईने आपले मूल मैदानावर पाठवले आणि ते परत आले नाही, तिला दांडीची उंची समजावून सांगण्याचा अधिकार मला आहे असे मी मानत नाही. त्यांच्या आग्रहामुळेच आजच्या अटी इतक्या कडक आहेत, एवढे मात्र कृतज्ञतेने सांगावेसे वाटते.

प्रश्न : उभ्याच्या जागा आल्या की तिकिटे स्वस्त होतील, असे इथे पुष्कळदा ऐकले होते. जर्मनीत तसे आहे म्हणतात. मग इथे ते का होत नाही?
— एक वाचक, लंडन

उत्तर : ज्या अटीमुळे सुरक्षितता येते, त्याच अटीत याचे उत्तर आहे. जर्मनीत उभ्याच्या भागात खुर्च्यांच्या संख्येपेक्षा जास्त माणसे घेण्यास परवानगी असते. डॉर्टमुंडच्या दक्षिणेकडील प्रसिद्ध गॅलरीत सुमारे २५,००० लोक उभ्याने सामना पाहतात. लीगच्या सामन्याला त्या मैदानाची क्षमता ८१,३६५ आहे, आणि सगळीकडे खुर्च्या लावल्या की ती सुमारे ६६,००० वर येते. जास्त माणसे मावतात, म्हणून प्रत्येकाकडून कमी पैसे घेणे क्लबला परवडते. इंग्लंडमध्ये एका खुर्चीमागे एकच माणूस असल्याने क्लबचे उत्पन्न तेवढेच राहते आणि दर कमी करण्याचे कारण उरत नाही.

पण हे कारण मला पुरेसे वाटत नाही. खुर्च्यांची शिफारस करताना टेलर यांनी सर्वांत स्वस्त खुर्ची उभ्याने पाहणाऱ्याच्या खिशाला परवडेल अशी ठेवता येईल, असेच म्हटले होते, आणि उदाहरण म्हणून आयब्रॉक्सचे दर दिले होते: खुर्चीला ६ पौंड, उभ्याला ४ पौंड. शिफारशीतील खुर्च्या क्लबांनी घेतल्या आणि दराची गोष्ट सोडून दिली. फेब्रुवारी २०१६ मध्ये ७७ पौंडांच्या तिकिटाची योजना जाहीर झाल्यावर लिव्हरपूलचे हजारो पाठीराखे सामना सुरू असताना ७७ व्या मिनिटाला मैदान सोडून निघून गेले. क्लबला दरवाढ मागे घ्यावी लागली, आणि त्याच वर्षी प्रीमियर लीगने पाहुण्या पाठीराख्यांच्या तिकिटाला ३० पौंडांची मर्यादा घातली. उभ्याच्या जागांचा परवाना देताना सरकारने अशीच दराची अट घालायला हवी होती, असे माझे ठाम मत आहे. कामगार वस्त्यांतील जी मुले पूर्वी मित्रांबरोबर या गॅलरीत उभी राहत, त्यांना तिथे परत येता आले नाही, तर लोखंडी दांडी बसवून अर्धेच काम झाले.

प्रश्न : माझी अकरा वर्षांची मुलगी हट्ट करते आहे. तिला अशा भागात न्यावे का?
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : आधी बसण्याच्या भागात न्या. दांडीमुळे ती पडणार नाही, पण पुढे सहा फुटी माणूस उभा असेल तर तिला नव्वद मिनिटे त्याची पाठच दिसेल, आणि तिला सामना पाहायचा आहे. बसण्याच्या भागातील लोक आता बसतात, हाही या बदलाचा एक चांगला परिणाम आहे. काही क्लब उभ्याच्या भागासाठी वयाची अट ठेवतात; तिकीट घेण्यापूर्वी विचारून घ्यावे.

प्रश्न : आमच्या शाहू स्टेडियमवर पायऱ्यांवर बसून आणि उभे राहूनच सामने पाहिले जातात. या चर्चेचा आम्हाला काही उपयोग आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आहे. पेठेपेठेतल्या तालमींचे संघ मैदानात उतरतात तेव्हा त्या पायऱ्यांवर काय होते, ते मी स्वतः अनुभवले आहे. पाटाकडील आणि दिलबहार यांचा सामना असावा आणि गोल व्हावा. बसलेला माणूस उठतो केव्हा आणि दोन पायऱ्या खाली जातो केव्हा, त्याचे त्यालाही कळत नाही. माझा हात एका अनोळखी माणसाच्या खांद्यावर होता आणि त्याने तो तसाच राहू दिला. हे सुख कोणी हिरावून घ्यावे असे मला वाटत नाही.

कोलकात्याने खुर्च्यांचा मार्ग निवडला. १९९७ मध्ये सॉल्ट लेक मैदानावर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना १,३१,००० हून अधिक लोकांनी पाहिला होता. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकासाठी तिथे स्वतंत्र खुर्च्या आल्या आणि क्षमता जवळपास निम्म्यावर आली. त्याच शहराने १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात १६ प्रेक्षक गमावले आहेत. गॅलरीत दोन्ही बाजूंच्या पाठीराख्यांत हाणामारी झाली आणि पळापळीत माणसे चेंगरली. तो दिवस तिथे आजही रक्तदानाने पाळला जातो.

कोल्हापूरला लगेच खुर्च्यांची गरज आहे असे मी म्हणणार नाही, कारण दगडी पायरीवर बसलेला माणूस हवे तेव्हा बाजूला सरकू शकतो, आणि हिल्सबरोला तेच शक्य नव्हते. मात्र प्रत्येक भागात किती माणसे मावतात ते मोजून तेवढीच तिकिटे द्यावीत, पायऱ्यांवर ठरावीक अंतराने कमरेइतके कठडे बसवावेत आणि ते एकाखाली एक सरळ रेषेत न ठेवता आडअंतराने ठेवावेत, म्हणजे वरून आलेला लोंढा एका दमात खालपर्यंत पोहोचणार नाही. येण्याजाण्याच्या वाटेवर कोणालाही बसू देऊ नये. हे सर्व फार खर्चाचे नाही. याशिवाय, संपूर्ण सामनाभर प्रत्येक दाराशी ते उघडू शकणारा माणूस हजर असावा. १ ऑक्टोबर २०२२ रोजी इंडोनेशियातील कंजुरुहान मैदानावर पोलिसांनी गॅलरीकडे अश्रुधूर सोडला, लोक दारांकडे धावले, आणि अरुंद व बंद दारांपाशी झालेल्या चेंगराचेंगरीमुळे १३५ जणांचा जीव गेला. आपल्याकडे सामन्यात वाद पेटला की लाठीची भाषा लवकर येते. तेव्हा बंदोबस्ताच्या बैठकीत आपल्या संघटनेने पहिला प्रश्न विचारावा तो हा, की किल्ल्या कोणाकडे असतील आणि तो माणूस कुठे उभा असेल.