इंदूरमधली नोकरी सोडून पूर्णवेळ ऑनलाइन पोकर खेळावं का?

नाही, नोकरी सोडू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केलाय, आणि ‘पोकर हा कौशल्याचा खेळ’ ही सबब त्यात चालत नाही. शिक्षा खेळवणाऱ्याला आहे (३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड), खेळणाऱ्याला नाही. पण मोठ्या देशी अ‍ॅपनी पैशांचे डाव लगेच थांबवले. परदेशी साइटवर पैसे अडकले तर दाद कुणाकडे मागणार? मी राजेंद्रनगरात लोकांची आयकर विवरणपत्रं भरतो. बंदीच्या आधी एका मुलाने वर्षभराचा यूपीआयचा हिशेब आणला होता: रात्री दोन-तीनला पाचशे-हजाराचे भरणे, पानंच्या पानं. निव्वळ जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के कर, वर सेस. आणि तोट्याचं वर्ष पुढच्या वर्षात ओढता येत नाही. गृहकर्जाला बँक पगाराची स्लिप आणि फॉर्म १६ मागते, तेव्हा काय दाखवाल? गोव्यातल्या परवाना असलेल्या कॅसिनोत समोरासमोर बसून पोकर खेळता येतो, तो या कायद्यात येत नाही. तिथे जायचंच तर नोकरी सांभाळून, वेगळ्या काढलेल्या पैशांतच खेळा. हजारो डाव झाल्याशिवाय आपला खेळ चांगला आहे की नशीब, हे कळत नाही.