पद्मपाणि बिअरच्या कॅनवर? नको, जरा मान वर करा

प्रश्न : नमस्कार. मी आणि माझा कॉलेजचा मित्र मिळून पुण्यात क्राफ्ट बिअर काढतोय, लायसन्सचं काम होत आलंय, आता लोगोवर गाडी अडलीय. मला अजिंठ्याचं काहीतरी हवंय. एक नंबरच्या लेण्यातला पद्मपाणि, हातात कमळ, नजर खाली, कॅनवर काय भारी दिसेल! मित्र म्हणतो, उगाच वादात पडशील. पण चित्र दीड हजार वर्षं जुनं, कॉपीराइट कुणाचाच नाही, मग अडचण काय? आणि डिझायनरला नेमकं सांगू काय?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मित्राचं ऐका. कॉपीराइट नाही म्हणजे रान मोकळं असं नसतं हो. पद्मपाणि हा बोधिसत्त्व आहे, म्हणजे बौद्धांना पूज्य, आणि बौद्धांच्या पंचशीलातलं पाचवं शीलच मुळी मद्यापासून लांब राहायचं, आता तोच बिअरच्या कॅनवर छापायचा म्हणजे कुणी चिडलं तर त्यांना काय उत्तर देणार तुम्ही? शिवाय 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यात कलम 9 आहे, धार्मिक भावना दुखावू शकेल असं चिन्ह रजिस्टर होत नाही, म्हणजे पैसे खर्चून केलेला लोगो तुमच्या नावावरच होणार नाही. म्यानमारमध्ये 2015 साली एका बारच्या मॅनेजरला जाहिरातीत बुद्धाला हेडफोन घातला म्हणून अडीच वर्षांची शिक्षा झाली होती. आपल्याकडे तसंच होईल असं नाही म्हणत मी, पण नवा धंदा असा सुरू करायचा कशाला?

आणि गंमत म्हणजे तुम्हाला हवं ते त्याच लेण्यात आहे, फक्त छताकडे बघायला हवं. तिथे चौकटी चौकटी पाडून फळं, फुलं, पक्षी, प्राणी काढलेत आणि मध्येच एका चौकटीत दाढीवाला परदेशी पाहुणा ऐसपैस बसलाय, हातात पेला, डोक्यावर टोपी, पायात चक्क पट्ट्यापट्ट्यांचे मोजे, शेजारी बाई, आजूबाजूला सेवक. एकोणिसाव्या शतकात फर्ग्युसन नावाच्या स्कॉटिश अभ्यासकाने हा इराणचा राजा खुस्रो आणि त्याची शिरीन असं ठरवून टाकलं होतं, ते आता कुणी मानत नाही, पण मंडळी प्यायला बसलीत हे सांगायला अभ्यासक लागत नाही. पेल्यात बिअर नसून द्राक्षाची दारू असावी, तेवढं चालवून घ्या. ओढूनताणून काही जोडावं लागत नाही, हा माणूस तुमचं गिऱ्हाईकच आहे.

आता डिझायनरला काय सांगायचं. अख्खं चित्र उचलू नका, ते पोस्टरला ठीक. बाटलीचं झाकण जेमतेम 26 मिलिमीटरचं असतं, त्या मापात छापून हातभर लांबून बघा, ओळखू आलं तरच तो लोगो. बास नावाच्या ब्रिटिश बिअरचा नुसता लाल त्रिकोण, 1876 साली तो ब्रिटनमधला पहिला नोंदलेला ट्रेडमार्क झाला, आणि माने या फ्रेंच चित्रकाराने 1882 च्या चित्रात बारच्या काउंटरवरच्या बाटल्यांवर तो एवढासा काढलाय तरी चटकन कळतो. तुमच्याकडे तसं मोजे आणि पेला आहेत, मला विचाराल तर मोजेच घ्या, दुसऱ्या कुठल्या बिअरवर सापडणार नाहीत. रंगही तिथलेच घ्या, गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना आणि थोडा तो लाजवर्द दगडाचा निळा, आणि बाहेरची रेघ तशीच जाड-बारीक होत जाणारी हवी, कॉम्प्युटरची एकसारखी नको.

नेटवरचा किंवा पुस्तकातला फोटो मात्र ट्रेस करू नका. चित्र जुनं असलं तरी फोटोचा कॉपीराइट वेगळा, आपल्याकडे फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. डिझायनरला सरळ अजिंठ्याला पाठवा (सोमवारी बंद असतं, फ्लॅश चालत नाही, दुर्बीण असू दे बरोबर) आणि हाताने स्केच काढायला लावा. दुसरा मार्ग म्हणजे मुंबईच्या जेजे स्कूलचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी 1872 पासून अनेक वर्षं तिथे नकला काढत होते, त्या पुढे छापल्याही गेल्या. ग्रिफिथ्स 1918 मध्ये वारले, त्यामुळे त्या जुन्या छापील नकला बघून काम करायला हरकत नाही.

लेबलचं म्हणाल तर थेट छापलेले कॅन फार मोठ्या ऑर्डरशिवाय परवडत नाहीत, सुरुवातीला स्टिकरच, आणि तोही प्लास्टिक फिल्मचा, कारण गार कॅनला पाणी सुटलं की कागद लगेच सुरकुततो. वैधानिक इशाऱ्याची जागा आधीच धरा, 200 मिलीच्या वरच्या पॅकवर अक्षरं किमान 3 मिमी लागतात, ती शेवटी कोंबली की सगळ्या डिझाइनची वाट लागते. नाव नुसतं 'अजिंठा' ठेवू नका, गावाच्या नावावर एकट्याचा हक्क मिळणं अवघड. ट्रेडमार्कचा अर्ज क्लास 32 मध्ये करा, बिअर त्यात येते, वाइन-व्हिस्की 33 मध्ये, आणि तो स्टिकर छापायला टाकायच्या आधी करा.